आवाजाचं बटण

खोकं शुक्रवारपासून बाहेरच्या खोलीत येऊन बसलं होतं आणि बाबांनी ते उघडलं नव्हतं. वरून हात फिरवून झाला होता, चारही बाजूंची अक्षरं वाचून झाली होती, एकदा कान लावूनही झाला होता. पण लेक आल्याशिवाय चिकटपट्टी कापायची नाही, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं. आई म्हणाली, बहात्तर वर्षांत या माणसाने एवढा धीर पहिल्यांदाच धरलाय.

रविवारी सकाळी लेक बसमधून उतरली ती जवळजवळ पळतच घरी आली. दोन दिवसांची रजा टाकून आली होती. ती ग्रंथालयात कामाला होती आणि अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे, त्यामुळे नव्या अ‍ॅम्प्लिफायरची माहितीपुस्तिका छापून घेऊन तिने बसमध्येच दोनदा वाचली होती. बाबांचं उलट होतं. ते माहितीपुस्तिका सगळ्यात शेवटी वाचत, कंपनीला बरोबर समजलंय की नाही ते बघायला.

"आला का भोंगा?" आतून बाबांचा आवाज आला.

लहानपणी ती रडायला लागली की अख्ख्या इमारतीला कळायचं, तेव्हाचं हे नाव. आता केस पांढरे व्हायला लागले होते, पण या घरात ती भोंगाच होती.

सेट जोडायला ती आली होतीच. पण तिला बाबांना एक गोष्टही सांगायची होती. ती एकतीस वर्षं सांगायची राहिली होती, आणि बसमध्ये तिने ठरवलं होतं की या वेळी ती सांगून टाकायची.

गोष्ट अशी. बाबा छापखान्यात यंत्रांच्या वायरिंगचं काम बघत. फावल्या वेळात त्यांनी घरासाठी एक सेट बनवला होता. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचा, स्पीकरची लाकडी खोकी स्वतः कापलेली, प्रत्येक जोड स्वतःच्या हाताने सोल्डर केलेला. ती चौदा वर्षांची असताना एका दुपारी आईबाबा मावशीला बघायला दवाखान्यात गेले आणि हिच्या तीन मैत्रिणी घरी आल्या. अजून मोठा होतो का, अजून, असं करत करत आवाजाचं बटण अगदी शेवटाला जाऊन टेकलं. मग हिने दुसऱ्या रेकॉर्डवर सुई टेकवली. धप्प असा आवाज झाला, डावा स्पीकर दोनदा खरखरला आणि कायमचा गप्प झाला. खोलीत जळक्या वार्निशचा वास पसरला. हिने भिंतीतली पिन उपटली, खिडक्या उघडल्या, आणि मैत्रिणी कधी पसार झाल्या ते तिला कळलंच नाही.

संध्याकाळी बाबा दारातच थबकले. वास त्यांना लगेच कळला. ते सेटपाशी गेले, थोडा वेळ नुसते उभे राहिले, मग डाव्या स्पीकरची मागची फळी काढून दिव्याखाली धरून बघत बसले. ही आतल्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. बाहेरून बाबांचा आवाज आला, "माझाच जोड कच्चा राहिला होता. त्यानेच गेला." तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते जास्त अवघड झालं, महिन्याने त्याहून. बाबांनी छापखान्यातही तेच सांगितलं. तिथल्या साहेबांना नव्या घरासाठी त्यांच्याकडून सेट बनवून हवा होता. ते काम बाबांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. माझ्या घरातला जोड टिकत नाही, लोकांच्या घरात कशाला, असं हसत म्हणाले. जेवताना हे ऐकलं तेव्हा लेकीच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला.

त्याच आठवड्यात डाव्या खोक्यात दुसरा स्पीकर बसला आणि घरात एक नियम आला. सेटचा खटका दाबण्याआधी एकाने विचारायचं, "कुठाय?" दुसऱ्याने आवाजाचं बटण डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, "शून्यावर." मगच वीज. घरात दुसरं कोणी नसेल तर बाबा स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. आई म्हणायची, उद्या हे कुकरलाही विचारतील. लेकीला वाटायचं, एका जोडाने दगा दिला म्हणून बाबा सगळ्यालाच घाबरायला लागलेत, आणि तिला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर त्या रविवारी चहा निम्मा टाकूनच दोघं खोक्यावर तुटून पडली. अ‍ॅम्प्लिफायर निघाला, काळाभोर आणि जड. बाबांनी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि क्षणभर कुठे ठेवायचा तेच विसरले. आईने तत्परतेने विणलेला रुमाल आणला, अ‍ॅम्प्लिफायरवर घालायला. बाबा म्हणाले, "अगं, त्याची वाफ वरून जाते. तुझ्या तोंडावर कोणी रुमाल घातला तर?" आई म्हणाली की तशी सोय असती तर यांनी केव्हाच केली असती. रुमाल शेवटी जुन्या रेडिओवर गेला. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे आणि वर चार बोटं मोकळी सोडायची, फुलदाणी तर या टेबलावर अजिबातच नको, पाणी सांडायला वेळ लागत नाही, असा कायदा बाबांनी तिथल्या तिथे केला.

मग मापं. स्पीकरची खोकी आणि रेकॉर्ड प्लेअर जुनेच राहणार होते. बाबांनी छापखान्यातली जुनी टेप काढली. दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीपर्यंत. त्रिकोण जमेना, कारण एका कोपऱ्यात आईचं कपाट होतं. कपाट हलणार नाही, असं आईने जाहीर केलं. तासाभराने तीच कपाटाला खांदा लावून ढकलत होती आणि माझ्या बाजूने जरा जोर लावा म्हणत होती. खुर्चीची जागा ठरली तिथे बाबांनी जमिनीवर खडूने फुली मारली.

तारा जोडायच्या आधी बाबांनी अ‍ॅम्प्लिफायरची पिन सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवली. त्यांची पद्धतच ती. मागे वाकून काम करताना पिन डोळ्यासमोर हवी. ती टेबलावर आहे म्हणजे भिंतीत नाही, आणि भिंतीत नाही म्हणजे हात सुरक्षित.

"डावा तू जोड," ते म्हणाले आणि तारेचं एक टोक तिच्या हातात दिलं.

ती जमिनीवर मांडी घालून बसली. वरचं रबर सोलून तांब्याचे बारीक धागे तिने चिमटीत धरून पिळले. बाबा चष्मा कपाळावर चढवून शेजारी बसले होते. एक धागा जरी शेजारच्या स्क्रूला टेकला तर नव्या कोऱ्या सेटचं पहिल्याच दिवशी वाटोळं, असं ते पुटपुटत होते. लाल तार लाल स्क्रूला, काळी काळ्याला. एका बाजूला उलटं झालं तर दोन स्पीकर एकमेकांशी भांडतात आणि आवाज पोकळ होतो. तिने स्क्रू आवळला, तार ओढून बघितली. घट्ट होती. डावाच स्पीकर, बाबा शेजारी, दोघांचे गुडघे एकमेकांना लागलेले. शब्द अगदी जिभेवर आले.

"बाबा, एक सांगू?"

"सांग की. पण आधी तो काळा बघ, तिरका बसलाय."

तो खरंच तिरका बसला होता. तो सरळ करेपर्यंत आईने जेवायला हाक मारली.

दुपारी सगळं तयार झालं. स्पीकरच्या तारा भिंतीच्या कडेने नेल्या होत्या, आई अडखळू नये म्हणून. उरला फक्त भिंतीतला सॉकेट. बाबांनी टेस्टर घातला, मग दिव्याची वायर लावून बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. तिसरं भोक नुसतं दिसायला होतं. अर्थिंग नव्हतंच. जुना सेट दोन पिनांवर चालायचा, म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

लेकीला राहवेना. पाच मिनिटं लावून बघू, ती म्हणाली, नुसतं एक गाणं. बाबांनाही लावायचं होतं. त्यांची बोटं गुडघ्यावर तबला वाजवत होती. पण ते म्हणाले, "शॉकला कुठे ठाऊक असतं, तू पाचच मिनिटांसाठी आलीयेस?" त्यांनी वायरमनला फोन लावला. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा गृहस्थ. उद्या दहाला येतो म्हणाला.

संध्याकाळी बाबा तीनदा खुर्चीत जाऊन बसले आणि बंद स्पीकरांकडे बघत राहिले. पहिली कोणती रेकॉर्ड लावायची यावर दोघांचं चांगलंच वाजलं. लेकीने मनात ठरवलं, उद्या. उद्या आवाज सुरू होईल, बाबा खुशीत असतील, तेव्हा सांगून टाकू. त्या आनंदात हसून सोडून देतील.

सकाळी सहाला आईने चहासाठी हाक मारली. बाबा उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दहाच्या ठोक्याला वायरमन आला, दारातल्या चपला बघून समजला, आणि हत्यारांची पेटी जिन्यात ठेवून बाकीच्यांबरोबर उभा राहिला.

दोन महिने सेट तसाच होता. आईने त्याच्यावर चादर टाकली. टेबलावरची पिन कोणी उचलली नाही. रोज फरशी पुसली जाई, पण खडूच्या फुलीला ओल लागू न देता.

मग एक दिवस आईचा फोन आला. वायरमन रस्त्यात भेटला होता. काकू, मी उद्या येतो म्हणालो होतो, तो उद्या माझ्याकडून राहिलाच, असं म्हणाला होता. या रविवारी येतो म्हणतोय. तू येतेस का?

बसमध्ये बसल्यावर लेकीने माहितीपुस्तिका काढली आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतली. आपल्याला आनंद होतोय हे तिच्या लक्षात आलं. तिला त्याची लाज वाटली, तरी आनंद काही कमी होईना. पाय थाऱ्यावर नव्हते. उतरल्यावर ती पुन्हा जवळजवळ पळतच घरी गेली.

वायरमन आधीच भिंतीशी बसला होता. मेन बोर्ड बंद करून त्याने सॉकेट उघडला, हिरवी तार ओढून घेतली, आणि काकांनी हे पाहिलं असतं तर ज्याने ही वायरिंग केली त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती, असं म्हणाला. आई हसली. दोन महिन्यांत लेकीने ते हसू ऐकलं नव्हतं. तासाभरात त्याने मेन चालू करून नवा सॉकेट तपासला आणि हात झटकले.

"लावा ताई. आता तुमचा सेट आणि तुम्ही."

आईने चादर काढली. लेकीने मागे जाऊन एकेक स्क्रू हाताने तपासला. डावा काळा सरळच होता. मग तिने टेबलावरची पिन उचलली. दोन महिन्यांच्या धुळीत पिनेच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली होती. तिने पिन भिंतीत घातली आणि बोट खटक्यावर ठेवून थांबली. कोणीतरी विचारायला हवं होतं. वायरमनने घसा साफ केला. त्यालाही ठाऊक होतं.

"कुठाय?" तो म्हणाला.

"शून्यावर."

खटका दाबला. छोटासा निळा दिवा लागला. तिने बाबांच्या पसंतीची रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, आणि बटण अगदी हळू, केसाएवढं फिरवत नेलं. तंबोरा आला. मग बाई गायला लागली. डाव्या स्पीकरमधून नाही आणि उजव्यातूनही नाही. दोघांच्या बरोबर मधे, जिथे भिंतीवर नुसतं कॅलेंडर होतं, तिथे ती उभी राहून गात होती. तिचा श्वास घेतलेला कळत होता.

आई फुलीवरच्या खुर्चीत बसली होती. तिने कॅलेंडरकडे बघितलं, स्पीकरांकडे बघितलं, आणि विचारलं, "ही कुठून गातेय?"

वायरमन मांडीवर थाप मारून म्हणाला, हेच तर, काकू, यासाठीच तर काकांनी तुमचं कपाट हलवलं. लेक हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते आणि ती दोन्हीपैकी काहीच थांबवत नव्हती. तिने रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. आईने सांगितलं, अजून थोडा मोठा कर. वायरमन म्हणाला, करा, पण अर्ध्याच्या पुढे नको, काका जाऊ देत नसत. गाणं संपलं तेव्हा तिघं एकदमच बोलायला लागली.

वायरमनला निघण्याआधी तारा भिंतीला पक्क्या ठोकून द्यायच्या होत्या. सेट बंद करा म्हणाला. लेकीने आवाज शून्यावर आणला, खटका बंद केला, पिन काढून टेबलावर ठेवली. आईने बाबांचा पत्र्याचा डबा आणला, त्यात तारा ठोकायचे चिमटे असतील म्हणून. बाबा काही टाकून देत नसत. चिमटे निघाले, आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना स्पीकर निघाला, लाकडी खोक्याशिवायचा, नुसता गोल कागदी पडदा आणि मागचं लोहचुंबक. लेकीने तो लगेच ओळखला.

वायरमनने तो कानाजवळ धरला आणि अंगठ्यांनी पडदा दाबला. खर्र असा आवाज आला.

"कॉइल जळलीय. फुल आवाजावर जाळलाय कोणीतरी."

"बाबा म्हणायचे, जोड कच्चा होता," लेक म्हणाली.

"छे." त्याने मागे सोल्डर केलेली तार बोटाला गुंडाळून ओढली. तार जागची हलली नाही. "हा बघा जोड. आजही बैल बांधा याला. कच्चा जोड असता तर नुसता आवाज गेला असता, कॉइल कशाला जळेल? हे मला काकांनीच शिकवलं." मग त्याने स्पीकर खाली ठेवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे हाच तो. छापखान्याच्या साहेबांचं काम मला दिलं तेव्हा म्हणाले, माझा जोड कच्चा निघाला, तू कर. माझं पहिलं मोठं काम ते. मला वाटलं, काकांचा हात गेला. पण हा हात गेलेल्या माणसाचा जोड नाही. मग असं का म्हणाले असतील?"

त्याने चिमटे ठोकले, चहा घेतला, आणि पुढच्या आठवड्यात ऐकायला येतो म्हणून गेला.

लेक सेटपुढे बसून राहिली. त्या दुपारी तिने पिन उपटली होती, खिडक्या उघडल्या होत्या, रेकॉर्ड पाकिटात घातली होती. आवाजाचं बटण मागे फिरवलं होतं का? नव्हतं. ते तसंच शेवटाला टेकलेलं राहिलं होतं. संध्याकाळी बाबा सेटपाशी नुसते उभे राहिले होते, ते काय बघत उभे होते हे तिला आता कळलं. स्पीकर उघडण्याआधीच त्यांना सगळं समजलं होतं. आणि जोडाचं दुखणं असलेला माणूस आवाजाच्या बटणाचा नियम कशाला करेल? दहावी, कॉलेज, नोकरी, त्यानंतरची प्रत्येक सुट्टी. दर वेळी ते विचारत होते आणि ती तेवढंच उत्तर देऊन गाणं लावत होती.

"दुसरी बाजू लाव ना," आई म्हणाली. खुर्चीतून ती उठलीच नव्हती. "थांबलीस का?"

लेकीने रेकॉर्ड उलटली. पिन भिंतीत घातली. बोट खटक्यावर ठेवलं.

आई जरा पुढे झुकली, आणि बाबा जसे विचारत अगदी तसंच, मान किंचित वाकडी करून तिने विचारलं, "कुठाय?"

लेकीने बटणाकडे नीट बघितलं.

"आज शून्यावर आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, भोंग्यासारखा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "त्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी फुलवर होतं, बाबा. मी केलं होतं. तुमचा जोड पक्का होता."